लागला का ब्रेकलाइट?

आमच्या वारज्याच्या सोसायटीत कुणीही गाडीचं बॉनेट उघडलं, की दहा मिनिटांत चार सल्लागार हजर होतात. त्यामुळे किस्से साठत जातात आणि गाडी तशीच राहते. आमच्या गाडीचा तो आठवडा मात्र मी जन्मात विसरणार नाही.

सुनीता, माझी बायको, शाळेत शिकवते. एकदा घरी आल्यावर सहज म्हणाली, "सिग्नलला एकजण सांगत होता, आपले ब्रेकलाइट कधी लागतात, कधी नाही."

रोज सकाळी ती हायवेच्या उतारावरून जाते आणि मागे भरलेले ट्रक असतात. हिने ब्रेक दाबला आणि मागच्याला कळलंच नाही तर? रिक्षाने जा म्हटलं, तर म्हणे, "काही होत नाही हो. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

*

आपला ब्रेकलाइट आपल्याला दिसत नाही, मागे कुणीतरी उभं करावं लागतं. मी वॉचमन वानखेडेंना उभं केलं. ते मूळचे अमरावतीकडचे, फार सज्जन माणूस.

"लागला?" "लागला, साहेब." "आता?" "लागला, साहेब."

असं दहा वेळा झालं. अकराव्यांदा मी ब्रेकला पाय न लावताच विचारलं. "लागला, साहेब!"

मी उतरून जाब विचारला. ते खाली बघत म्हणाले, "तुम्ही एवढ्या काळजीनं विचारून राहिले साहेब, नाही कसं म्हणू?"

*

मग ठरवलं, माणूसच नको. सीट आणि ब्रेकच्या मध्ये काठी अडकवली आणि मागे जाऊन पाहिलं. दोन्ही लाइट लख्ख! तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि मी बोलत बोलत वर गेलो.

सकाळी बॅटरी ठार. सुनीता शाळेत उशिरा पोहोचली.

शेजारचे केळकरकाका निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांनी ती काठी उचलून नीट पाहिली आणि म्हणाले, "चला, काठीत दोष नाही."

*

शेवटी कसबा पेठेतल्या सलीमभाईंकडे गेलो. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांच्या गल्लीत गाडी जात नाही, म्हणून तेच टेस्टलॅम्प घेऊन कोपऱ्यावर आले.

त्यांनी पार्किंग लाइट लावायला सांगितले, मग ब्रेक दाबायला सांगितला. ब्रेक दाबला की डावीकडचे पार्किंग आणि ब्रेक, दोन्ही लाइट मंद व्हायचे.

"बल्ब चांगले आहेत, अर्थिंग ढिलं आहे," ते म्हणाले. अर्थिंगची वायर पत्र्याला जोडणारा एक स्क्रू गंजला होता. तो घासला, आवळला. पाच मिनिटांचं काम.

"नक्की झालं ना? उतारावर बंद नाही ना पडणार?" मी तीनदा विचारलं.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, गाडीचं झालं. तुमचं अर्थिंग मात्र बघून घ्या."

*

तरी मन थाऱ्यावर येईना. पार्किंगमध्ये लागतो, पण उतारावर, हादऱ्यांत? दुसऱ्या दिवशी सुनीता निघाल्यावर मी हळूच स्कूटर काढली आणि तिच्या मागे लागलो. तिला पत्ता नव्हता.

उतार सुरू झाला. पहिल्या वळणावर दोन्ही लाइट लागले. दुसऱ्या वळणावरही लागले. आठवड्यात पहिल्यांदाच मला मोकळा श्वास घेता आला. पुढे सर्व्हिस रोडला वळलो, तिथे एक टेम्पो आडवा आला. सुनीताने ब्रेक दाबला. दोन्ही लाइट असे झळझळीत लागले, की मी बघतच राहिलो.

धाडकन आवाज झाला. डावा लाइट फुटून रस्त्यावर पडला होता आणि शेजारी मी.

सुनीता घाबरून धावत आली. मी हेल्मेट काढलं आणि तिला कळलं. "अहो, तुम्ही? लागलं का कुठे?"

"काही नाही, गुडघा खरचटलाय," मी म्हणालो. "पण सुनीता, लाइट लागले बरं का. दोन्ही लागले, मी स्वतः पाहिले."

तिने फुटलेल्या लाइटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग थांबला का नाहीत?"