सव्वा मूठ गहू

वाल्मिक तसा सरळ माणूस. सुरतजवळच्या उधन्यात तीस वर्षं कापडाचे लूम चालवले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको गेली तेव्हा त्याच्याजवळ येऊन बसली ती शेजारच्या सचिन गावातल्या एका बाबांची माणसं. त्यांनी महिनाभर डबा पुरवला. वाल्मिक त्यांचा झाला, त्यात त्याचं काय चुकलं?

चुकलं ते पुढे. सत्संगाबाहेरच्या घरचं अन्नपाणी वर्ज्य, असं बाबांनी फर्मावलं. म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे थोरल्या भावाकडे, भगवानदादाकडे राहणाऱ्या आईच्या हातचंही. श्रावणात दादाकडे खानदेशची कानबाई देवी बसायची, तिच्या प्रसादाचे गव्हाचे रोट खायला सगळे भाऊबंद जमायचे, आणि हा शहाणा दाराला कडी लावून बसायचा. सत्संगातल्या विकासने एकदा विचारलं, हा नियम कशासाठी? त्या दिवसापासून कुणी त्याच्याशी बोलेना. वाल्मिकनेही तोंड फिरवलं. मनात खटकलं होतं, पण त्याने ते गिळून टाकलं.

गेल्या हिवाळ्यात आई गेली तेव्हा दादा स्वतः कारखान्यात बोलवायला आला. वाल्मिक बाबांची परवानगी मागत राहिला. ती आली नाही, आणि तोही गेला नाही.

यंदा त्याला टायफॉइड झाला. चार रविवार सत्संग चुकला. त्यातलं कुणी फिरकलं नाही. एकाने तर त्याला पाहून रस्ता बदलला. शेवटी दादाच रिक्षा घेऊन आला आणि त्याला घरी घेऊन गेला.

कानबाई दोन दिवसांवर आली होती. मनीषावहिनी रोटांसाठी गहू मोजत होती, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. दादाचं नाव झालं, पोरांचं झालं, मग तिने वाल्मिकचं घेतलं. माझी मूठ आता कशाला, त्याने ओशाळून विचारलं.

"तुमनी मूठ कधी चुकनी नही, भाऊ. आठ साल माय टाके. रोट भाऊबंदासनीच खावाना, फेकता येत नही. तुमना वाटाना रोट मायच खाये."

शेवटच्या श्रावणात आईला अर्धी भाकरही जात नव्हती, असं वहिनीने सांगितलं. तरी तिने तो वाटा संपवला होता.

चार रविवारांत ज्यांनी आपल्याला पुसून टाकलं, त्यांच्यासाठी आपण आईला खांदा दिला नाही. वाल्मिकला रडू आवरेना. वहिनीने त्याच्या नावाचे गहू सुपात टाकले आणि पुढचं नाव घेतलं.