लाल टोपणाची बाटली

परवा रक्त तपासायला गेले होते. तिथल्या मुलीनं हाताला स्पिरिट लावलं आणि त्या वासानं मला फलटणचा जुना दवाखाना आठवला. मी चौथी शिकलेली. तिथं आया म्हणून लागले आणि डॉक्टरांच्या हाताखाली सुई टोचायला शिकले. इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून औषधं टोपणाच्या रंगावरून ओळखायची. एका दुपारी बाळंतिणीला लाल टोपणाचं इंजेक्शन बिनधास्त दिलं आणि मग कपाटात पाहिलं, तर नव्या मालात दोन औषधांची टोपणं लाल होती. तशीच पळत गेले. डॉक्टरांना सांगितलं. बाटली वाचून ते म्हणाले, "चुकीचं गेलंय. नाडी धरून बस, हलू नकोस." तासभर बसले. तिच्या हातापेक्षा माझेच हात गार पडले होते. तिची आई म्हणाली, "आवं बाई, लय जीव लावता तुमी." मी मान वर केली नाही. बाळंतीण वाचली. घरी जाताना त्या आईनं माझी ओटी भरली, ती मी गुपचूप घेतली. आता नात सांगलीत नर्सिंग शिकते. तिला सगळं वाचता येतं. तरी मी तिला रोज फोनवर विचारते, "आज भीती वाटली का?" "न्हाई गं आजी," असं ती म्हणाली की मलाच धडकी भरते.