भास्करला रडवायला गेलतो

चहा घ्या आधी. हसायचं असेल तर शेवटी हसा, कारण गोष्ट मयतीच्या घरची आहे आणि त्यातला गाढवपणा सगळा माझा आहे.

मी शिरूर कासारला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. स्वभाव तापट. कुणी म्हैस उशिरा आणली की म्हशीला सुई टोचायच्या आधी मी मालकाला टोचणार. एकदा एका बाईची शेळी माझ्यासमोर मेली, तर मी त्या बाईवरच ओरडलो. शेळी पोत्यात घालून ती निघून गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझी पोरगी संभाजीनगरला नर्सिंग शिकते. तिला फोनवर हे सांगितलं, तर तिनं इलाज सांगितला. रोज सकाळी वही घेऊन बसायचं आणि काल आपल्याला काय वाटलं, कशामुळं वाटलं, ते लिहायचं. भावना ओळखता आल्या की त्या आवरता येतात म्हणे.

सुरुवातीला माझ्या वहीत एकच शब्द. राग. सोमवारी राग, मंगळवारी राग, बुधवारी लाईट नव्हती म्हणून राग. पोरगी म्हणाली, बाबा, राग वरवरचा असतो, त्याच्या खाली काय आहे ते बघा. मग मी खाली बघायला लागलो. शेळीच्या रागाखाली लाज निघाली. साहेबावरच्या रागाखाली हेवा निघाला. बायकोशी झालेल्या भांडणाखाली तर नुसती भूक निघाली.

खोटं कशाला बोलू, फरक पडला. माझा आवाज खाली आला. लोक जनावर घेऊन आले की पहिल्यासारखे दारातच घुटमळत नव्हते. इथं थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही नसतं. पण मला वाटायला लागलं, आपल्याला आता माणसं कळतात. बायको गप्प बसली की मी तिच्या तोंडाकडं बघून तिच्या मनात काय आहे ते तिलाच सांगायचो. ती म्हणायची, दाढ दुखतीय.

तेवढ्यात भास्करचे वडील वारले.

भास्कर माझ्यासोबत दवाखान्यात. बदली होऊन आलेला, शिरूरला खोली करून राहणारा. घर तलवाड्याला. त्याच्या घरी मी कधी गेलेलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मी पोचलो. दारात मांडव होता, बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. आणि भास्कर? तो खुर्च्या लावत होता. शेजारून चहा आणवत होता. फोनवर कुणाला तरी दटावत होता. डोळ्यांत टिपूस नाही.

मी मनात म्हटलं, दाबलंय ह्यानं. दुःख आत दाबलंय. आणि आपण असताना मित्राचं असं होऊ द्यायचं?

मी त्याला लिंबाखाली नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि पोरीच्या आवाजात विचारलं, "भास्कर, तुला आत्ता काय वाटतंय?"

तो म्हणाला, "टँकर येत न्हाई असं वाटतंय."

"ते वरचं झालं. त्याच्या खाली काय हाय?"

"खाली हौद हाय. कोरडा पडलाय. म्हणून तर टँकर."

बघा म्हणजे. माणूस इतका आत गेलेला, की हाताला लागत नव्हता. मग मी त्याच्या आत्याकडं गेलो. म्हातारी गेलेल्या माणसाची सख्खी बहीण. तिला हळूच सांगितलं, की भास्करनं दुःख आत दाबलंय, अशानं माणसाला बाधतं, त्याला रडवा कसंही करून.

आत्यानं पुढं एवढंच सांगितलं, की भास्करला बाधलंय.

मांडवाच्या त्या टोकाला जाईपर्यंत त्या बोलण्याचं काय काय झालं विचारू नका. कुणी म्हणालं, बाहेरचं असल. कुणी म्हणालं, काळजावर घेतलंय. चुलत्यांनी त्याला खुर्चीवर दाबून बसवलं. एक जण तळपाय चोळायला लागला, एकानं नाकाला कांदा लावला. भास्कर सांगत होता, मला काही झालं नाही, सोडा मला. तर म्हातारे एकमेकांकडं बघून मान हलवायचे. बाधलेला माणूस असंच म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. कुणीतरी गेवराईला दवाखान्यात न्यायला जीप बोलावली.

आणि मी काय करत होतो? मी लिंबाखाली उभा राहून समाधानानं बघत होतो. कांद्यानं का होईना, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. भास्करची आई. गलक्यानं जागी झालेली. बाहेर पोराला सगळ्यांनी धरलेलं बघून तिनं फक्त "आता माझा भास्कर पण?" एवढं विचारलं आणि उंबऱ्यावरच कोसळली.

बायांनी तिला उचललं, तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. भास्कर तिच्याजवळ बसून राहिला. ती सावरल्यावर उठला आणि सरळ माझ्याकडं आला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"माय आज निजलती बे. बाबा गेल्यापून पहिल्यांदा. मी रडलो की ती रडती, अन् ती रडाय लागली की तिला दम पुरत न्हाई. म्हणून मी खुर्च्या हलवीत फिरतोय. माझं मला कळत न्हाई का?"

मला माफी मागायची होती. तोंड उघडलं आणि निघालं रडू. साधं नाही, हंबरडा. माझे दादा, म्हणजे वडील, वारले तेव्हा मीसुद्धा असाच फिरलो होतो. मांडव, सरपण, पाहुण्यांची पथारी. नंतर रडू म्हटलं, ते राहूनच गेलं. ते सगळं तलवाड्याच्या लिंबाखाली निघालं. मघाचा तळपाय चोळणारा आता माझ्याकडं आला. जीप आलीच होती. तिच्यात मला घातलं.

दहाव्याला जायची हिंमत होत नव्हती. भास्करचा फोन आला, की ये, आई सारखी विचारतीय, ते रडणारे पाव्हणे बरे हायत का.

गेलो. भास्करच्या आईनं मला जवळ बसवून घेतलं आणि नवऱ्याबद्दल सांगायला लागली. त्यांना गुळाचाच चहा लागायचा, बैलाला ते कधी चाबूक लावायचे नाहीत. मी ऐकत होतो. सांगता सांगता ती म्हणाली, "तुमचा लई जीव होता त्यांच्यावर. कुठं गाठ पडलती तुमची?"

खरं सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "न्हाई पडली, माय. कधीच."

ती म्हणाली, "मग कावून रडलात ओ एवढं?"

"माझ्या दादांसाठी. राहून गेलतं."

"किती सालं झाली त्यांना?"

"लई झाली."

म्हातारीनं पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले आणि म्हणाली, "मग आता जेवूनच जावा."

दुसऱ्याच्या मयतीत आपला बाप रडून, वर दहाव्याच्या पंगतीत जेवून आलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. बघून घ्या.