चेष्टा करणाऱ्यास शिक्षा

“ये लिखा किसने है? मैं पूछता हूँ, लिखा किसने है?”

रविवारी सकाळी साडेसातला अग्रवालजी आमच्या संकुलाच्या फाटकाखाली उभे राहून ओरडत होते. हातात कचोऱ्या तळायचा झारा, झाऱ्यातून तेल ठिबकतंय, आणि आवाज असा की जयपूरच्या झालाना जंगलातले बिबटे त्या दिवशी बाहेरच पडले नाहीत. (जीपमधून गेलेले पर्यटक नुसते मोर बघून परत आले. विचारा हवं तर.)

लिहिलं मी होतं. आठ फुटी फ्लेक्सवर, लाल अक्षरांत, खाली माझ्या नावासकट.

मी वसंत बोरोले. मूळचा भुसावळचा, रेल्वेतला निवृत्त हेडक्लार्क. शेवटची बदली जयपूरला झाली, जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला आणि इथेच रुतलो. आमच्या संकुलात वर फ्लॅट आणि खाली दुकानं. रहिवासी आणि दुकानदार यांची मिळून एकच समिती. कचोरीवाले अग्रवालजी तिचे अध्यक्ष, आणि सचिव मी, कारण स्टेपलर फक्त माझ्याकडे आहे.

खालच्या दुकानांपैकी चष्म्याचं दुकान माझी मुलगी मुग्धा आणि रितू चालवतात. रितू डोळे तपासते, मुग्धा फ्रेमा विकते, आणि दोघी संकुलातल्याच समोरच्या इमारतीत एकत्र राहतात. दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे. हे मुग्धानं आम्हाला दोन वर्षांपूर्वी सरळ सांगितलं होतं. सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, दुसऱ्या दिवशी रितूला जेवायला बोलावलं. मी मात्र मनाचा मोठेपणा दाखवून सगळ्यांना सांगत राहिलो की ती मुग्धाची रूममेट आहे.

मग कुणीतरी माथुरसाहेबांच्या कानाला लागलं. पोरींचा फ्लॅट आणि दुकान दोन्ही त्यांच्याच मालकीचं. त्यांनी निरोप धाडला, महिनाअखेर दोन्ही जागा रिकाम्या करा.

सगळ्यात आधी उसळले ते अग्रवालजी. “चश्मा बनने में आधा घंटा लगता है, बोरोलेजी. उस आधे घंटे में ग्राहक क्या करता है? मेरे यहाँ कचोरी खाता है. ये दुकान नहीं उठेगी.”

न्यायबुद्धी कुठून उगवेल सांगता येत नाही. आमच्याकडे ती उकळत्या तेलातून वर आली. अग्रवालजींनी दुकानदारांना गोळा केलं आणि समितीपुढे नियम आणायचं ठरलं: कुणाचं प्रेम बाईवर असो की पुरुषावर, कुणी तृतीयपंथी असो, त्या कारणावरून या संकुलात कुणालाही घर, दुकान किंवा माल नाकारायचा नाही. माथुरसाहेब म्हणाले, बहुमत झालं तर मानीन. रविवारी अकराला सभा. नियम हिंदीत लिहून आणायचं काम सचिवाकडे.

“बाबा, लिहिल्यावर एकदा रितूला दाखवा ना,” मुग्धा म्हणाली. “तिचे पप्पा झोटवाड्यात हिंदीचे मास्तर होते.”

“अंकल, मैं देख लूँ?” रितूनंही विचारलं.

“काही गरज नाही. मला राजभाषा पंधरवड्यात निबंधाचं बक्षीस आहे.”

“तिसरं,” सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली. “लिहिणारे तिघं होते.”

या अपमानानंतर नुसता कागद लिहून भागणार नव्हतं. शिवाय मला एक वेगळीच काळजी होती. नियमाला घाबरून लोक घर देतील, पण पाठीमागून खिदळतील त्याचं काय? तेव्हा नियमाच्या वर मी माझ्या पदरच्या दोन ओळी घातल्या, त्याचा फ्लेक्स छापून घेतला आणि शनिवारी संध्याकाळी गुपचूप फाटकावर चढवला. नियम बारीक अक्षरांत आणि माझ्या ओळी वीतभर उंचीच्या:

“इस परिसर में कोई किसी की चेष्टा नहीं करेगा। जो चेष्टा करेगा, उसे शिक्षा दी जाएगी।”

तुम्हाला यात काही खटकलं नसेल. मलाही नाही. कुणाची टिंगल करायची नाही, केल्यास दंड होईल, एवढं साधं. फक्त हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि शिक्षा म्हणजे शिक्षण. त्यामुळे उरलेल्या जयपूरनं असं वाचलं की या संकुलात कुणीही प्रयत्न म्हणून करायचा नाही, आणि केलाच तर त्याला शिकवण्यात येईल.

“बीस साल से दुकान में खड़ा हूँ,” अग्रवालजी झारा नाचवत म्हणाले, “और आप लिखते हो यहाँ कोई चेष्टा नहीं करता?”

आठ वाजता एक गृहस्थ मुलाची मार्कशीट घेऊन आले आणि शिक्षा कुठल्या मजल्यावर दिली जाते ते विचारू लागले. नऊपर्यंत तसे चौदा पालक जमले. एक बाई तर हॉस्टेलची खोली बघूनच जाईन म्हणून माझ्या सोफ्यावर बसल्या. मी रखवालदाराकडे धावलो, तर तो खुर्चीत घोरत होता. हलवून जागं केलं, तर त्यानं एक डोळा उघडून बोर्डाकडे बोट केलं. “साहब, नियम है.” आणि डोळा मिटला.

मुग्धानं बोर्ड वाचला आणि फक्त एवढंच म्हणाली, “बाबा, आज अकरा वाजता आमचं घर आहे की नाही ते ठरणारेय.”



सभेला अकरा सभासद आणि बघायला अख्खं संकुल. माथुरसाहेब उभे राहिले आणि त्यांनी माझ्या ओळी मोठ्यानं, अगदी चवीनं वाचून दाखवल्या. “जिनको नियम लिखना नहीं आता, उनका नियम हम मानें?” हॉल फुटला. काल आमच्या बाजूनं असलेले दोन सभासदसुद्धा रुमालात तोंड लपवून हसत होते. मुग्धा खाली बघत होती.

अग्रवालजींनी टेबलावर हात आपटला. “बोरोलेजी, आपकी मराठी में चेष्टा मतलब क्या?”

“मज़ाक उड़ाना.”

“मतलब, जैसे अभी आपका उड़ रहा है?”

“हाँ जी,” मी म्हणालो. “पर मेरा तो आज सुबह से उड़ रहा है. इन दोनों का दो साल से.”

हसणं जरा ओसरलं. माथुरसाहेब मात्र वकिलासारखे पुढे झुकले. “बेटी आपकी, ठीक है. वो दूसरी लड़की आपकी कौन लगती है?”

“रूममेट,” जीभ सवयीनं म्हणाली.

“रूममेट के लिए कोई आठ फुट का फ्लेक्स लगाता है?” अग्रवालजी.

आता मुग्धा वर बघत होती. रितूही. मी हिंदी शब्द शोधू लागलो. सापडेना. खरं तर तो मला मराठीतही दोन वर्षं सापडला नव्हता, आणि ते खापर काही राजभाषेवर फोडता येत नव्हतं.

“घर की है,” मी म्हणालो. “ये दोनों साथ हैं, और ये हमारे घर की है.”

माझ्या आयुष्यातलं हे पहिलं हिंदी वाक्य, ज्याचा अर्थ कुणालाही परत विचारावा लागला नाही.

अग्रवालजींनी हात वर करायला सांगितले. अकरातले आठ. रुमालवालेही त्यात. नियम मंजूर.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माथुरसाहेब उठले, चष्मा काढून पुसला (रितूनंच बनवलेला), माझ्यासमोर आले आणि म्हणाले, “चलिए बोरोलेजी, अब राजीनामा कर लेते हैं.”

माझं डोकं फिरलं. हरलेला माणूस जिंकलेल्या सचिवाकडे राजीनामा मागतो? मी खुर्चीवर चढलो. खरंच चढलो, फोटो आहे. “राजीनामा? जान दे दूँगा, राजीनामा नहीं दूँगा. स्टेपलर मेरा है.”

माथुरसाहेबांचा पुढे केलेला हात हवेतच. “अजीब आदमी है,” ते म्हणाले, “मैं तो खुद झुक रहा हूँ.”

मुग्धानं माझ्या पँटची घडी ओढली. “बाबा, उतरा. हिंदीत राजीनामा म्हणजे समझौता. ते भांडण मिटवतायत.”

मी उतरलो. हात मिळवला. हिंदीत एक शब्दही न बोलता.

पोरी त्याच घरात, त्याच दुकानात आहेत. नवा बोर्ड रितूनं लिहिला, आणि आता तो चष्म्याच्या दुकानापासून कचोरीच्या कढईपर्यंत सगळीकडे लागलाय. माझा फ्लेक्स स्कूटरवर झाकायला उपयोगी पडतो. रखवालदारानं मागितला होता, मी दिला नाही.

त्या रात्री दोघी आमच्याकडे जेवायला होत्या. सुमननं वांग्याचं भरीत केलं होतं. सुमनच्या हाताखाली दोन वर्षं भाकऱ्या थापून रितूला मराठी आता बऱ्यापैकी कळते, शब्दांचे दोन्हीकडचे अर्थ तिला ठाऊक असणार, हे विसरून मी विचारून बसलो, “खरं सांग रितू, माझ्या त्या दोन ओळी अगदीच वाईट होत्या का?”

तिनं भरीत वाढून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि वर न बघता म्हणाली, “चेष्टा अच्छी थी, बाबा.”