बाबांचं नाक, बाबांचा गळा

बाबांना बोलायचं असलं की गळ्यातल्या नळीच्या तोंडावर बोट ठेवावं लागतं. न्यूमोनियात व्हेंटिलेटरवर होते, त्यातून वाचले, पण श्वासनळी आतून आकसली. डॉक्टरांनी रुंद केली, पुन्हा आकसली. शेवटी गळ्याला भोक पाडून ही नळी बसवली. बोट ठेवलं की चिरका, अर्धामुर्धा आवाज येतो. काढलं की नुसती हवा. पूर्वी त्यांचं हसणं आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. शेजारी वैतागायचे, मीही वैतागायचे. आता तेच हसणं परत यावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

मोबाइलवर वाचलं, नाकाच्या पडद्यातल्या कूर्चेचा बारीक तुकडा काढतात, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि तयार झालेली पट्टी श्वासनळीला ठिगळासारखी लावतात. ठिगळही आपलंच, परकं काही नाही. मला एका जागी बसवेना. लगेच बाबांना सांगितलं. त्यांनी नळीवर बोट ठेवलं.

"ह्या वयात माजा नाक कापतलस गो?"

मी इतकी चिडले की त्यांची फाइल उचलून निघालेच.

परळच्या हॉस्पिटलात एकटीच गेले. बाबांच्या डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या शांतपणाचाही मला राग आला.

"अजून प्रयोगच चालू आहेत," त्या म्हणाल्या. "पट्टी वाढवता येते हो, पण ती आत जगायला हवी. तिला रक्त मिळायला हवं, खोकला सोसता यायला हवा. तुमच्या वडिलांवर मी ते करणार नाही."

"मग कधी?"

"माहीत नाही."

निदान खोटं तरी बोलायचं!

टॅक्सी थांबवली आणि नको म्हणून सोडून दिली. बसून राहणं जमलंच नसतं. घरापर्यंत चालत, बाबांना कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत आले.

ते गॅलरीत पेपर वाचत होते.

"नाही म्हणाल्या," मी जिन्यातूनच बोलून गेले. जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

बाबांनी पेपर खाली ठेवला, नळीवर बोट ठेवलं.

"चला, नाक वाचला!"

आणि हसले. खांदे गदगदले, डोळ्यांत पाणी आलं. हसण्याच्या भरात बोट मात्र निसटलं आणि सगळं हसू नळीतून नुसती हवा होऊन गेलं. मी धावत जाऊन तिथे माझं बोट ठेवलं, तोवर त्यांचं हसून झालं होतं.