पावडर न टाकलेला बीकर

माझ्या पीएचडीच्या कामातली सगळ्यात चांगली आकृती चुकीची आहे, हे मला कळलं तेव्हा भिवंडीच्या कॉलेजात शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली होती. चुकीची म्हणजे नेमकी किती, ते मला आजही सांगता येत नाही.

मी भिवंडीजवळच्या काल्हेरची. आमच्या भाताच्या खाचरांवर आता गोदामं आहेत आणि बाबांचा दिवस फाटकाशी खुर्ची टाकून ट्रक आत-बाहेर होताना बघण्यात जातो. घराण्यात विज्ञान शिकलेली मी पहिलीच. नॅनोकणांवर पीएचडी करायचं ठरवलं तेव्हा बाबांनी जेवताना विचारलं, "कवरं बारीक असतंय गो ते?"

"केस उभा चिरून त्याचे हजार भाग केले, तर त्यातला एक."

"दिसतंय?"

"डोळ्यांनी नाही."

"मंग हाय कशावरून?"

मी म्हटलं, एका मोठ्या यंत्रातून त्याचा फोटो काढता येतो. त्यांनी मान हलवली आणि आमटी वाढून घेतली. पटलं की नाही कळलं नाही. खरं तर मलाही तेव्हा फारसं पटलेलं नव्हतं. मी फार्मसीला जाणार होते, थोडक्यात जागा हुकली म्हणून केमिस्ट्री घेतली, आणि एमएस्सीला ज्या सरांकडे प्रोजेक्ट मिळालं ते नॅनो पदार्थांवर काम करत होते. पुढे लोक विचारायचे, हाच विषय का निवडला? मी काहीतरी छान उत्तर द्यायचे.

माझं काम झिंक ऑक्साईडवर होतं. ऊन लागू नये म्हणून चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये जे पांढरं असतं, तेच. त्याचे अतिशय बारीक कण बनवून रंगीत पाण्यात टाकले आणि पाणी उन्हात ठेवलं, की रंग हळूहळू तुटतो आणि पाणी फिकं होतं. मला गोल कण बनवायचे होते. दीड महिना थांबून फोटोची पाळी आली, तर फोटोत सगळीकडे काड्या. गोल एकही नाही. मी रडकुंडीला आले. सरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "सुंदर आहेत. आता काड्यांवर लिहू." मग मी प्रस्तावना बदलली आणि गोल कणांपेक्षा काड्या का बऱ्या, ते असं लिहिलं की जणू पहिल्या दिवसापासून आम्हाला काड्याच हव्या होत्या. सगळे असंच करतात, असं नंतर कळलं. तेव्हा मात्र मी बरेच दिवस गोंधळलेली होते.

प्रयोगशाळेत आम्ही शुद्ध पाण्यात रंग कालवून वापरायचो. तो उडायला साडेतीन तास लागत. वाईट नव्हतं, पण कोणी मान वळवून बघावं असंही नव्हतं. सर म्हणाले, "तू भिवंडीच्या बाजूची ना? खरं पाणी आण. डाईंगचं."

कापड रंगवणाऱ्या कारखान्याला आमच्याकडे नुसतं डाईंग म्हणतात. बाबांच्या ओळखीच्या एका शेठचं डाईंग होतं. बाबांनी मला स्कूटरवर मागे बसवून तिथे नेलं. आत वाफ आणि उग्र वास. रंगाचं सगळं काम बघणारे मास्टर उत्तरेतून येऊन तीसेक वर्षं इथेच राहिलेले. पायजमा पोटरीपर्यंत निळा. त्यांनी विचारलं, "कितना चाहिए, बिटिया?" मी पाच लिटरचा कॅन पुढे केला. त्यांनी तो गटारापाशी भरून दिला. गडद निळं, जवळजवळ काळं पाणी. बाबांनी तो कॅन पायांमध्ये धरून प्रयोगशाळेकडे स्कूटर चालवली आणि कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो तेव्हा दर दोन मिनिटांनी खाली वाकून झाकण तपासत राहिले.

ते पाणी चाळीस मिनिटांत पांढरं झालं.

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा चाळीस. तिसऱ्यांदा बेचाळीस. सर प्रयोगशाळेतून सहसा हसत बाहेर येत नसत, त्या दिवशी आले. शुद्ध पाण्यात साडेतीन तास आणि गटाराच्या पाण्यात चाळीस मिनिटं, असं का, हा प्रश्न होताच. मी दोन आठवडे वाचन केलं आणि एक परिच्छेद लिहिला, की कारखान्याच्या पाण्यातल्या क्षारांमुळे काड्यांच्या पृष्ठभागावर अमुक घडत असावं. 'असावं' हा शब्द मी घातला होता. छापण्याआधी शोधनिबंध तपासणाऱ्यांपैकी एकाने त्या परिच्छेदाचं खास कौतुक केलं. निबंध छापून आला आणि त्यातल्या आकृतीत रंगासोबत खाली कोसळणारी रेघ माझी ओळख झाली. नोकरीच्या मुलाखतीत मी तीच आकृती दाखवली. बाबांनी काल्हेरभर सांगितलं, "पोरीनं डाईंगचा पानी साफ केला."

एक गोष्ट मी केली नव्हती. डाईंगचं पाणी माझ्या काड्यांची पावडर न टाकता उन्हात ठेवून बघितलं नव्हतं. शुद्ध पाण्याचं बघितलं होतं, त्याचा रंग जात नव्हता. डाईंगच्या पाण्याचंही करायचं ठरलं होतं, पण तोवर कॅन संपला. सर म्हणाले, त्या एका मुद्द्यासाठी परत कुठे जातेस. मलाही तसंच वाटलं.

नोकरीला सहा वर्षं झाल्यावर तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी हा प्रयोग दाखवायचं ठरवलं. मुलंमुली याच गावातली, कोणाच्या घरी कापडाचे लूम, कोणाचे वडील जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात ड्युटीला. त्यांना आपल्याच गटाराचं पाणी स्वच्छ होताना दिसावं, एवढंच मनात होतं. त्याच डाईंगमधून पाणी आणवलं. गच्चीवर टेबल मांडून चार बीकर ठेवले. तिघांत पावडर, चौथ्यात काही नाही. चौथा तुलनेसाठी. तो निळाच राहणार, असं मी आधी सांगून ठेवलं होतं.

पाऊण तासात तीन बीकर फिके पडले. मुलांनी मोबाईल काढले. मी समजावून सांगत होते आणि सांगता सांगता माझं लक्ष चौथ्याकडे गेलं. तोही आकाशी दिसत होता. वाटलं, उन्हाने डोळे दिपले असतील. दीड तास होईतो तोही पांढरा झाला.

पुढे उभ्या एका मुलीने सरळ विचारलं, "मॅडम, मग पावडर कशाला?"

तिच्या बोलण्यात खोडी नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. मी म्हटलं, "बघावं लागेल," आणि तास संपवला. 

पुढचे पंधरा दिवस मी तोच प्रयोग करत राहिले. बीकर बदलले, नवे आणले. एकदा वाटलं, बीकरला जुनी पावडर चिकटून राहिली असेल. नव्हती. प्रत्येक वेळी पावडरशिवाय रंग जातच होता, फक्त दुप्पट वेळ घेऊन. शेवटी मी डाईंगमध्ये गेले. मास्टर आता म्हातारे झाले होते, पण तिथेच होते. त्यांनी मला ओळखलं नाही. कॅनची आठवण दिली तेव्हा म्हणाले, "हां, वो शेठ के पहचानवाले की बेटी."

मी विचारलं, या गटारात नुसतं रंगाचं पाणी येतं का?

"नुसता कलर का पानी कहाँ, मॅडम. रंगाच्या आधी कापड सफेद करना पडता है ना. ब्लिचिंगची टंकी पण इकडेच खाली होती है. परॉक्साईडवाली."

"आणि तेव्हा? मी कॅन नेला तेव्हा?"

त्यांनी जरा विचार केला. "तब भी येईच नाली थी. उस दिन टंकी खाली किया था के नहीं, वो अब कैसे बोलूं? किया होगा."

परॉक्साईड म्हणजे रंग उडवणारं रसायन. पाण्यात ते असेल तर ऊन लागून रंग आपला आपण जातो, आणि पावडर असेल तर आणखी लवकर. कॉलेजात येऊन मी पावडरशिवाय पांढऱ्या झालेल्या पाण्याच्या नमुन्यात परॉक्साईड तपासायची पट्टी बुडवली. ती निळी झाली. उत्तर मिळालं होतं, आणि तरी मिळालं नव्हतं. आजच्या पाण्याचं कळलं. त्या जुन्या पाच लिटरचा थेंबही शिल्लक नव्हता. त्यात परॉक्साईड होतं याला पुरावा म्हणजे मास्टरांचं 'किया होगा'. त्या चाळीस मिनिटांत माझ्या काड्यांचा वाटा किती, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.

मी सरांकडे गेले. ते निवृत्त होऊन ठाण्यात राहत होते. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी चष्मा काढला.

"तू खोटं लिहिलं होतंस का?"

"नाही, सर."

"मी लिहायला लावलं?"

"नाही."

"मग?"

"तेच कळत नाही, सर. खोटं नाही, आणि खरंही नाही."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. काकूंनी आणलेला चहा निवला. मग सर म्हणाले, "जर्नलला दुरुस्तीचं पत्र लिही, असं मी म्हणणार नाही. लिहू नकोस, असंही म्हणणार नाही. लिहिलंस तर मसुदा दाखव." मी गोंधळ सोडवून घ्यायला गेले होते, तो दुप्पट करून परतले.

घरी बाबांना सांगायला हवं होतं, कारण गावभर त्यांनीच सांगितलं होतं. ते फाटकाशीच बसले होते. मी शेजारी स्टूल घेतलं आणि जमेल तितकं सोपं करून सांगितलं.

"मंग पानी साफ झाला का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मंग चूक काय?"

"कशानं झालं, ते चुकीचं लिहिलं."

"तं ते इचारतंय कोन?"

"कोणी नाही."

बाबांनी आत वळणाऱ्या एका ट्रकला हाताने जागा दाखवली. ट्रक आत गेल्यावर म्हणाले, "कोन इचारत न्हाय, तरी तुला झोप न्हाय. मंग सांगून टाक. मी लोकांना काय ते बोलन." लोकांना ते काय बोलले, ते मी कधी विचारलं नाही.

मसुदा मी नऊ वेळा लिहिला. सरांना दाखवला तेव्हा त्यांनी एकच वाक्य बदललं. 'हा निष्कर्ष चुकीचा आहे' असं मी लिहिलं होतं. त्यांनी केलं, 'हा परिणाम केवळ या पदार्थामुळे झाला असं म्हणता येत नाही.' ते जास्त अचूक होतं यात शंका नाही. जास्त सौम्यही होतं. यातलं कशासाठी त्यांनी बदललं ते मी विचारलं नाही. त्यांनी माझ्या सहीखाली सही केली.

आठ महिन्यांनी दुरुस्ती छापून आली. अर्धं पान. आधी कौतुक करणारे लोक त्यावर काही बोलले नाहीत. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने मात्र स्टाफरूममध्ये हळूच विचारलं, "कोणी तक्रार केली होती का?" नाही म्हटलं तरी त्याला ते खरं वाटलं नाही.

त्याच वर्षी माझी बढतीची मुलाखत होती. समितीत बाहेरून आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या शोधनिबंधांची यादी चाळली आणि त्या अर्ध्या पानाच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"ही दुरुस्ती कोणी मागितली होती?"

"कोणी नाही."

"मग का केलीत?"

यासाठी मी घरून चांगलं उत्तर तयार करून नेलं होतं. प्रामाणिकपणा, विज्ञानाची पद्धत वगैरे. तोंडून निघालं ते वेगळंच. "वर्गासमोर चौथा बीकर पांढरा झाला, म्हणून."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. बढती मिळाली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या समितीसमोर मिळाली, आणि त्यांनी त्या अर्ध्या पानाबद्दल चकार शब्द काढला नाही. पहिल्या वेळी त्यामुळे गेली, की नाहीच मिळणार होती? दुसऱ्या वेळी त्यामुळे मिळाली का? मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला. कधी बाई माझ्या बाजूच्या वाटतात, कधी विरुद्ध.

आता मी परॉक्साईड आणि काड्या दोन्ही मिळून काय करतात, त्यावर काम करते. ते काम खरोखर चांगलं चाललं आहे. ज्याला मी चूक म्हणत होते त्यातूनच ते निघालं, म्हणून त्या चुकीचं वाईट वाटून घ्यावं की नाही, हेही नीट ठरत नाही.

मागच्या महिन्यात दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधक विद्यार्थिनीची मेल आली. जुना निबंध वाचून तिला त्या चाळीस मिनिटांच्या काड्या हव्या होत्या. मी तिला दुरुस्तीचं पान पाठवलं आणि सविस्तर लिहिलं, की या काड्या एकट्याने तसं करतात असं समजू नका. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. आभार मानले होते, आणि शेवटी लिहिलं होतं, तरीपण मॅडम, थोडी पावडर पाठवाल का.

मी पाठवली. दोन ग्रॅम, छोट्या बाटलीत, कापसात गुंडाळून. सोबत चिठ्ठी ठेवली, की एक बीकर पावडरशिवाय नक्की ठेवा. पावडर पोचल्याचं तिने कळवलं. चिठ्ठीबद्दल काही लिहिलं नाही.