पाठमोरे नऊ बुधवार

यांना लकवा मारला आणि वाचाच गेली, तेव्हापासून माझं देवाशी भांडणच चाललं होतं. अंबरनाथ पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर. देव पाण्यात ठेवून झाले, नवस बोलून झाले, पण सात महिने यांच्या तोंडून अक्षर फुटेना. मी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावते. तिथली सिंधी मालकीण म्हणाली, "दीदी, चर्च में नौ बुधवार करो. माँ सुनती है." म्हटलं, चला, हेही करून बघू. श्रद्धा कमी, हट्टच जास्त होता माझा.

दर बुधवारी काम आटोपून मी मारियामातेच्या मूर्तीपुढे उभी राहायची आणि एकच धोशा लावायची, यांना बोलतं कर. नवव्या बुधवारी ओटीच घेऊन गेले. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ. देवीची ओटी भरायची, एवढंच मला ठाऊक. मूर्तीच्या पायांना कुंकू लावलं मात्र, मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. तिथली फुलं बदलणारी मोनिकामावशी होती.

"अगं बाई, काय करतेस? ही देव नाय!"

मला धक्काच बसला. "मग नऊ बुधवार मी हात कोणाला जोडले?"

"आईला. आम्ही पण जोडतो, तिला मान देतो. पण पूजा फक्त त्याची." मावशीने खांदे धरून मला गर्रकन वळवलं. समोर मोठी वेदी, तिथे लाल दिवा जळत होता. "प्रभू तिकडे. आई त्याच्याकडे आपला शब्द टाकते. आणि तू दर बुधवारी त्याच्याकडेच पाठ करून उभी! मी बघते ना."

मावशीने न रागावता ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, साडी कुणा गरजूला दे म्हणाली. मी त्या दिव्याकडे बघत राहिले. एवढे दिवस घोकलेलं मागणं आठवेचना. लाजेने कसंबसं तोंडातून निघालं, "देवा, तुला वाटेल तसं कर."

घरी येऊन ओट्याशी उभी राहिले. तिथे उभं राहिलं की यांच्या खाटेकडे माझी पाठ होते. भरवतानाही माझं लक्ष चमच्याकडे. मावशीचे हात अजून खांद्यांवर असल्यासारखे वाटले आणि मी वळले. हे माझ्याकडेच बघत होते. ओठ हलत होते. धावत जाऊन कान लावला.

"च... हा."

अगं आई गं! मी मटकन खालीच बसले आणि ढसाढसा रडले.

यांना व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या ताई म्हणाल्या, ओठ आधीपासूनच हलत असतील, तुमच्या लक्षात आलं नसेल. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही. त्या आईचे आणि मावशीचे उपकार मात्र मरेपर्यंत विसरणार नाही. देवाला अमुकच कर म्हणून सांगणं मी सोडलंय. चर्चमध्ये गेले की आईला हात जोडते आणि मग वळते. घरी यांची खाट ओट्याच्या बाजूला सरकवून घेतलीय. चहा गाळताना आता यांचं तोंड दिसतं.